उशीवरचं घर

मास्तरांनी उशीवर टेप ठेवला, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "हॉल चार बोटं रुंद."

"अहो, ती उशी आहे," त्यांची बायको म्हणाली.

"उशी नाही, नकाशा आहे."

"सात वर्षांच्या पोरीने शिवलाय तो नकाशा."

"शिवलाय, म्हणूनच विश्वास ठेवायचा. कागदावरची रेघ खोडता येते. टाका खोटं बोलत नाही," असं म्हणून मास्तरांनी चार बोटांचे किती फूट धरायचे याचा हिशोब खडूने कापायच्या टेबलावरच मांडला. त्या टेबलावर एका गिऱ्हाइकाची पँट पसरलेली होती. हिशोबाचा निम्मा भाग पँटवर गेला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर घरीही गेला.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बाजाररस्त्याला खाली दुकान, वर दोन खोल्या. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे गिऱ्हाइकांनी म्हणायच्या आत ते स्वतःच म्हणत, एवढाच काय तो दोष. त्यांना एकुलती एक मुलगी. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, गरगर फिरत राहायची, म्हणून मास्तरांनी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून तिचं नाव ठेवलं बॉबिन. पुढे फिरत फिरत ही बॉबिन इतकी लांब गेली, की तिला यायला एक विमान पुरत नसे. तिकडेच नोकरी, तिकडेच बिऱ्हाड. इकडे यायची दोन वर्षांतून एकदा, आणि आल्यापासून जायच्या तारखेबद्दल बोलायची.

ती लहान असताना दिवसभर कापायच्या टेबलाखाली चिंध्या घेऊन बसलेली असायची. आता तिथे कोणी नव्हतं. तरी मास्तर कापताना टेबलाखाली पाय सरळ सोडत नसत. आपल्या पायाला कोणाचं तरी डोकं लागेल, ही भीती पायांच्या अंगवळणी पडली होती. मुलीची आठवण येते असं ते कधी कोणाला म्हणाले नाहीत, पण ती यायची, आणि कात्री चालवताना जास्त यायची.

गेल्या खेपेला बॉबिन आली तेव्हा तिची खोली गिऱ्हाइकांच्या कोटांनी भरलेली होती. मास्तर दोन दिवस कोट इकडून तिकडे नेत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ती हॉटेलात राहायला गेली. निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी जरा जागा असली ना बाबा, तर चांगली महिनाभर राहीन." निघताना माणसं असं काहीबाही बोलतातच, त्यात काही मोठंसं नसतं. पण मास्तरांचा सगळा जन्म गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितलेलं मनावर घेण्यात गेला होता. गिऱ्हाईक म्हणालं जागा हवी, तर जागा द्यायची. गावाबाहेर तळ्याच्या काठाला त्यांचा जमिनीचा एक तुकडा पडून होता. तिथे घर बांधायचं ठरलं. कसलं घर, याचा विचार करायची गरजच नव्हती. सातव्या वर्षी बॉबिनने तपकिरी चिंध्यांच्या पट्ट्या एकावर एक लावून, वर तिरकं छप्पर आणि मधोमध मोठी खिडकी जोडून एक उशी शिवली होती. ओंडक्यांचं घर! इतकी वर्षं मास्तरांची दुपारची झोप याच घरावर झाली होती.

लाकडाच्या वखारीचा मालक भला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, ओंडके अजून ओले आहेत. एक हंगाम थांबा. आणि नकाशा एखाद्या इंजिनियरला दाखवून घ्या. ओंडक्यांचं घर म्हणजे विटांचं घर नव्हे."

"थांबायला वेळ कुठाय? थंडीत मुलगी यायची आहे."

"मग दाखवून तरी घ्या."

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे वखारवाल्याला कळलं नाही. ती नकाराची होती.

दाखवायला इंजिनियर लांब शोधायचीही गरज नव्हती. मास्तरांच्याच गल्लीच्या टोकाला इंजिनियर बाई राहायच्या. पूल, टाक्या, घरं पडणार नाहीत ना, हे बघणं हेच त्यांचं काम. त्या कोटाच्या बाह्या आखूड करायला दुकानात आल्या आणि टेबलावर पसरलेला खाकी कागद बघून थांबल्या. कागदाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून उशी ठेवलेली होती.

"हे काय, मास्तर?"

"घर."

"कोणी तपासलंय?"

"मी."

"हॉल एवढा मोठा, मध्ये खांब नाही. माळ्याचं वजन कोण घेणार?"

"उशीवर खांब नाहीये," मास्तर म्हणाले.

बाईंनी उशीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मला आठवडाभर द्या. बघून देते. लाकूड ओलं असेल तर भिंती खाली बसतात, त्याचाही विचार..."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, तुमचा कोट शिवताना मी तो कोणाला तपासायला नेतो का?"

"माझा कोट चुकला तर मी फार तर बेंगरूळ दिसेन," बाई शांतपणे म्हणाल्या. "घर चुकलं तर ते डोक्यावर येईल."

त्या गेल्यावर बायको वरून खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. "द्या की तिला आठवडा. पोरगी राहणार आहे त्या घरात."

"आयुष्यभर मापंच घेतली मी!"

"माणसांची घेतलीत. माणसं गप्प उभी राहतात."

पण मास्तरांचं ठरलं होतं. त्यांनी एक मिस्त्री गाठला. हा सुतारकामात पक्का होता आणि इंजिनियरांच्या बाबतीत त्याहून पक्का. "इंजिनियर लोक काय करतात? दोनाच्या जागी चार खिळे मारायला सांगतात. आपण आधीच पाच मारू," तो म्हणाला. मास्तरांना वाटलं, देव भेटला.

घर उभं राहिलं. खरं सांगायचं तर देखणं राहिलं. सोनेरी ओंडके, तिरकं छप्पर, स्वयंपाकघराला भिंतभर खिडकी, आणि वर माळ्यावर बॉबिनची खोली. तिच्या खिडकीतून तळं दिसायचं आणि तळ्याच्या कडेने येणारा रस्ता. मास्तर त्या खिडकीत उभे राहून रोज रस्ता बघून येत. मुलीने आत बसून बघायचं ते बाप आधीच बघून ठेवत होता.

माळ्याची फळी टाकल्यावर हॉलची तुळई जरा खाली वाकली. वर चाललं की खालचा दिवा डोलायचा. "हे काहीच नाही," म्हणत मिस्त्रीने हॉलच्या मधोमध एक जाडजूड खांब उभा केला, वर पाचर ठोकली आणि तुळई पुन्हा सरळ केली. "आता हत्ती नाचवा वर."

"उशीवर खांब नाहीये," मास्तर कुरकुरले.

"उशीला माळा तरी आहे का?" मिस्त्रीने विचारलं, आणि मास्तर टेप काढून खांबाचं माप घ्यायला लागले.

थंडी पडली. मुलीला घर उबदार मिळावं म्हणून मास्तरांनी ती येण्याच्या कितीतरी आधीपासून शेगडी पेटती ठेवली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते तळ्यावर जात आणि शेगडीत लाकडं सारत बसत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पहिला धडा दिला होता, की कापड आधी भिजवा, वाळवा, आटू द्या, मगच कात्री लावा. तोच माणूस आता ओल्या ओंडक्यांचं कापून शिवून तयार झालेलं घर आतून तापवत होता. पण प्रेमात माणसाला आपला धंदाही आठवत नाही.

आधी गेली स्वयंपाकघराची खिडकी. बायको चहा टाकत होती, तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली.

"काचच हलकी," मिस्त्री म्हणाला.

मग भिंतीला ठोकलेलं कपाट तिरपं झालं आणि त्याची दारं आपोआप उघडायला लागली. "बिजागऱ्याच हलक्या," मिस्त्री म्हणाला. मग पुढचं दार घासायला लागलं. मिस्त्रीने ते वरून रंधलं. आठवड्याने पुन्हा घासलं, पुन्हा रंधलं. दार उंचीला कमी कमी होत चाललं आणि तरी चौकटीत मावेना. "दारच खोडकर," मिस्त्री म्हणाला. या माणसाच्या मते या घरात मिस्त्री सोडून सगळ्यांचं चुकत होतं.

मास्तरांना सगळं दिसत होतं. पण सांगणार कोणाला? हात दाखवून अवलक्षण! इंजिनियर बाई रस्त्यात दिसल्या की ते समोरच्या दुकानात शिरत. एकदा असेच शिरले ते नेमके चपलांच्या दुकानात, आणि नको असलेल्या चपला घेऊन बाहेर आले.

बॉबिन आली. टॅक्सीतून उतरली आणि घराकडे बघतच राहिली. "बाबा, केवढं सुंदर!"

मास्तर भरून पावले. महिनाभर नव्हे, आठच दिवसांची रजा होती. पण हॉटेलाचं नाव तिने काढलं नाही. चिरलेली काच, तिरपं कपाट तिने पाहिलं आणि काही विचारलं नाही. फक्त तिची चाकांची बॅग खोलीत ठेवली की जागेवर राहत नसे. मध्ये खांब तुळईला वर धरून होता आणि भिंती बाहेरच्या अंगाला खाली चालल्या होत्या, त्यामुळे जमीन दारापासून खिडकीकडे उतरती झाली होती. बॅग दाराशी ठेवली की ती हळूच निघायची आणि खिडकीखाली जाऊन टेकायची.

"आई, माझी बॅग जायलाच तयार नाही," बॉबिन हसत म्हणाली.

"बॅगेला तरी माया आहे," आई म्हणाली आणि खाली चहा टाकायला गेली.

आठ दिवस कुठे गेले कळलं नाही. जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. मास्तर खाली हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. निरोप देताना काय बोलायचं हे त्यांनी मनात बेतून ठेवलं होतं, आणि प्रत्येक फेरीला त्यातलं एक वाक्य कमी होत होतं.

वरून आवाज आला. "बाबा, दार उघडत नाहीये."

"ओढ की."

"ओढतेय."

मास्तर वर धावले. त्यांनी बाहेरून ढकललं, तिने आतून ओढलं. दार भिंतीत चिणल्यासारखं गप्प. बायको आली, टॅक्सीवाला आला. चौघांनी मिळून जोर लावला तेव्हा दाराची मूठ तेवढी मास्तरांच्या हातात आली.

"खिडकीतून शिडी लावून उतरते," आतून बॉबिन म्हणाली. पण खिडकीही हलेना. तिच्या चौकटीवर वरचा ओंडका येऊन बसला होता.

मिस्त्री पहार घेऊन आला. चौकटीखाली पहार घालून त्याने पहिला जोर केला, तशी छपरातून अशी एक करकरती कळ निघाली, की मिस्त्री पहार टाकून जिना उतरला आणि अंगणातूनच म्हणाला, "लाकूडच हलकं!"

आता मास्तरांचा चेहरा उतरला. विमान चुकणार, हे तर होतंच. पण छपराची ती कळ त्यांच्या छातीतून गेली होती. ज्या घरात पोरीने राहावं म्हणून जीव टाकला, ते घर तिच्या डोक्यावर होतं आणि ती आत होती. त्यांनी खिशातून फोन काढला. इंजिनियर बाईंचा नंबर त्यांच्याकडे होता, 'निळा कोट, बाह्या आखूड' या नावाने.

"बाई, मी मास्तर बोलतोय. तुम्ही... तो आठवडा मागितला होतात ना? तो आज मिळेल का?"

बाईंनी तीनच प्रश्न विचारले. शेगडी पेटती आहे का, मध्ये कोणी नंतर खांब घातलाय का, आणि आत कोणी आहे का. शेवटच्या प्रश्नाला मास्तरांनी वरच्या बंद दाराकडे पाहिलं. बायकोने फोन घेतला. "आमची मुलगी आहे हो."

"दाराला कोणी हात लावू नका. तिला बाहेरच्या भिंतीकडे, खिडकीशी बसायला सांगा. शेगडी विझवा. मी जॅक घेऊन निघते."

बॉबिन खिडकीखाली बॅगेला टेकून बसली. मास्तर दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. मध्ये ते दार. समोरासमोर आठ दिवसांत जे जमलं नव्हतं, ते बोलणं दाराआडून सोपं वाटायला लागलं.

"बाबा, विमान गेलं असेल ना?"

"जाईल. माझं चुकलं गं. सगळे सांगत होते, नकाशा तपासून घ्या."

"कोणाचा नकाशा होता?"

"तुझाच."

"माझा?"

"ती उशी. ओंडक्यांचं घर. तू सात वर्षांची असताना शिवलेलं. बोटाबोटाने मोजून घेतलंय मी. मला वाटलं, हेच हवं होतं तुला. हे बांधलं तर राहशील."

मास्तरांना वाटलं ऐकू गेलं नसेल. ते दाराला कान लावायला वाकले, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. पण तो अर्ध्यात ओला झाला.

"बाबा, ते घर नव्हतंच. ते आपलं दुकान होतं."

"काय?"

"त्या पट्ट्या म्हणजे दोऱ्याच्या रिळांचं कपाट. तपकिरी रिळं, एकावर एक. वरचं तिरकं ते छप्पर नाही, दुकानावरची ताडपत्री. आणि मोठी चौकोनी ती खिडकी नाही, तुमचं टेबल. मी टेबलाखालून बघून शिवलं होतं ना!"

"मग तेव्हा मी विचारलं, काय गं, लाकडाचं घर का, तर तू हो म्हणालीस!"

"तुम्ही इतके खूश झाला होतात. मग मी हो म्हटलं."

मास्तर हातात आलेल्या दाराच्या मुठीकडे बघत बसले. टेबल त्यांनी भिंतभर खिडकी करून घातलं होतं. रिळांच्या कपाटात बायकोला राहायला लावलं होतं.

"मग त्या खेपेला दुकान सोडून हॉटेलात का गेलीस?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न दोन वर्षं विचारायचा राहिला होता.

"तुम्ही माझ्यापायी कोट हलवत होतात. काम बंद पडलं होतं. मला वाटलं, मी अडचण झालेय."

"अडचण?" मास्तर म्हणाले, "मी अजून टेबलाखाली पाय सोडत नाही गं. तुला लागतील म्हणून."

खाली बायको टॅक्सीवाल्याला विनाकारण दुसऱ्यांदा चहा देत होती, आणि तोही विनाकारण घेत होता.

इंजिनियर बाई आल्या. अंगात मास्तरांनीच बाह्या आखूड केलेला निळा कोट. त्या दाराकडे गेल्याच नाहीत. हॉलमध्ये उभं राहून त्यांनी खांबाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दार वर अडकलंय, बाई," मास्तर म्हणाले.

"दार वर अडकलंय, पण अडवलंय याने." बाईंनी खांबावर टिचकी मारली. "मास्तर, कापड कुठे जास्त आटतं? उभ्या धाग्यात की आडव्या?"

"उभ्यात. बहुतेक."

"लाकडाचं उलटं. उभं लाकूड जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं. भिंतीचे ओंडके सगळे आडवे. प्रत्येक जण थोडा थोडा आटला, म्हणजे अख्खी भिंत चांगली वीतभर खाली येणार. ती वाईट नाही, तो तिचा स्वभाव आहे. पण हा खांब उभा. तो काही आटत नाही. खालून हा ढकलतोय, वरून छप्पर दाबतंय. मधल्या दाराने जायचं कुठे?"

मास्तरांनी खांबाकडे पाहिलं. सगळं घर नमतं घेत होतं आणि हा एकटा ताठ उभा होता. त्यांना ती ओळख पटली.

"म्हणजे मी कापड न भिजवताच शिवलं," ते म्हणाले.

"आणि अंगावर वाळवलं," बाई म्हणाल्या. "माया ठेवली असती तर काही झालं नसतं. तुम्ही कोटाला शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया सोडता ना? तशीच खिडकीवर, दारावर सोडायची. खांबाखाली फिरवून खालीवर होणारी आट्यांची फिरकी बसवायची, म्हणजे भिंत खाली आली की खांबही खाली घेता येतो. तुळईही जाड हवी होती. एवढं सांगायला मी आठवडा मागत होते."

बाईंनी तुळईखाली दोन बाजूंनी जॅक लावले. वजन जॅकवर घेतलं, पाचर काढली, मिस्त्रीकडून खांबाचा खालचा तुकडा कापून घेतला. मिस्त्रीने तो निमूट कापला आणि कोणाला हलकं म्हटलं नाही. मग बाई जॅक खाली सोडायला लागल्या, थोडा, थांबून पुन्हा थोडा. घराने एक लांब सुस्कारा टाकला. वर दार आपणहून बोटभर उघडलं. बॉबिनने ते ओढलं आणि ती बाहेर आली. तिच्यामागे बॅग यायला तयार नव्हती.

त्या दिवशी विमान नव्हतं. दुसऱ्या दिवशीही मिळालं नाही. बॉबिन ते जास्तीचे दिवस तळ्यावर राहिली नाही, बाईंनीच राहू दिलं नाही. ती दुकानावरच्या खोलीत राहिली, कोटांच्या मध्ये. कोट कोणी हलवले नाहीत. दुपारी ती खुर्ची ओढून कापायच्या टेबलाशी बसे आणि मास्तर पाय आखडून कापत असत.

पुढे बाईंनी घराचा नकाशा पहिल्यापासून करून दिला. उशी त्यांनी तपासायला घेतली, सगळीकडून पाहिली आणि शेरा दिला, "दुकान म्हणून मजबूत आहे." दुसरी तुळई आली, खिडक्यांवर आणि दारांवर माया सोडली, खांबाखाली फिरकी बसली. घर अजून काही वर्षं खाली येत राहणार होतं आणि दर काही महिन्यांनी ती फिरकी थोडी फिरवायची होती. ते काम मास्तरांनी मिस्त्रीला दिलं नाही. ते स्वतः टेप घेऊन जात. मग बॉबिनचा फोन यायचा. पूर्वी फोनवर 'कशी आहेस, बरी आहे, तुम्ही कसे' एवढ्यावर गाडी थांबायची. आता ती विचारायची, "बाबा, किती खाली आलं?" आणि मास्तर सांगायचे. त्यावरून विषय निघायचा तो कुठल्या कुठे जायचा.

दोन वर्षं न थांबता वर्षानेच ती पुन्हा आली. या वेळी बॅग ठेवली तिथेच राहायची. खिडक्या उघडत होत्या, दारं मिटत होती, कपाट सरळ होतं. मास्तर सगळं चालू करून दाखवत होते. बॉबिनच्या खोलीचं दार एका बोटाने ढकललं की उघडायचं. त्यांनी ते दोनदा उघडून दाखवलं आणि दोन्ही वेळा मनातून त्यांना उगीच वाईट वाटलं.

जायचा दिवस आला. टॅक्सी दारात उभी राहिली. टॅक्सीवालाही तोच होता. मास्तर खाली येरझाऱ्या घालत होते.

वरून आवाज आला. "बाबा, दार उघडत नाहीये."

मास्तर जिना चढून गेले. दाराच्या वर बाईंनी सोडलेली माया जशीच्या तशी होती, चांगली दोन बोटं रुंद. त्या फटीतून आतला उजेड दिसत होता. दार बोटाने ढकललं असतं तर उघडलं असतं. मास्तरांनी बोट पुढे केलं. मग ते मागे घेतलं.

"अडकलंय का?" त्यांनी विचारलं.

"घट्ट अडकलंय."

"जोर लावू नकोस हं. बाईंनी सांगितलंय, जोर लावायचा नाही."

"नाही लावत."

"बोलावू त्यांना?"

आतून बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग बॉबिन म्हणाली, "आज कशाला? उद्या बोलवा."

मास्तर खाली आले. टॅक्सीवाल्याने डिकी उघडून ठेवली होती. "काय मास्तर, बॅग आणू?"

"आज नाही. वरचं दार अडकलंय."

"पुन्हा? अहो, ते दुरुस्त झालं ना?"

"झालं की," मास्तर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत म्हणाले. "पण लाकूड ओलं होतं हो."